आधी महिना सांगा

साक्रीला रेल्वे नाही. सुरत-धुळे महामार्ग गावावरून जातो. पश्चिमेला दहिवेल सोडून कोंडाईबारीचा घाट उतरला की विसरवाडी, नवापूर आणि पुढे गुजरात. पूर्वेला धुळे, दक्षिणेला पिंपळनेर आणि शेलबारीतून ताहाराबाद-सटाणा. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाची कोणतीही सहल चाकांवरच सुरू होते. रेल्वेने जायचं म्हटलं तरी आधी नंदुरबार, नवापूर नाहीतर थेट सुरत गाठावं लागतं. या गाठून देण्यावर माझं पोट आहे. क्रूझर गाडीवर सुरुवात केली. लग्नाची वऱ्हाडं, सप्तशृंगीच्या फेऱ्या, दवाखान्यासाठी नाशिक, असं सगळं केलं. पुढे टेम्पो ट्रॅव्हलर आली, मग रेल्वेची तिकिटं, हॉटेलं, असं वाढत गेलं. आता गाडी चालवायला पोरं आहेत. मी बसस्टँडजवळच्या टपरीवजा ऑफिसात बसतो आणि दिवसभर एकाच प्रश्नाला तोंड देतो: ‘भाऊ, कुठे जावं?’

लोक येतात ते मोबाईलमध्ये फोटो घेऊन. मेहुणा गेला होता, शेजारचे गुरुजी गेले होते, पुण्याच्या मुलाने पाठवला. फोटोत हिरवागार डोंगर, पांढरे ढग, धबधबा. मी फोटो बघतो आणि विचारतो, कोणत्या महिन्यात जायचंय? समोरचा म्हणतो, मेमध्ये, शाळांना सुटी लागली की. फोटो असतो ऑगस्टमधला. इथूनच माझं काम सुरू होतं, कारण आपल्या देशात एकच गाव वर्षातून तीन गावं असतं. महाबळेश्वर मेमध्ये वेगळं, जुलैमध्ये वेगळं आणि डिसेंबरात वेगळं. जुलैत तिथे दिवसच्या दिवस धुक्यापलीकडे काही दिसत नाही. इंग्रजांनी हे फार लवकर ओळखलं होतं. मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला असायचं. दप्तरं, कारकून, घोडे सगळं हलायचं. आपल्याला तेवढं हलणं परवडत नाही. वर्षातून एकदाच चार-पाच दिवस हाताशी असतात, म्हणून ते कुठे घालवायचे याचा विचार जरा जास्त करावा लागतो.

पण महिना तरी आपल्या हातात कुठे असतो? साक्री तालुक्यात तो शेत ठरवतं. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणी. त्यानंतर उन्हाळ कांद्याची लागवड, आणि मार्च-एप्रिलमध्ये तोच कांदा काढायचा, चाळीत भरायचा. या काळात पिंपळनेर भागातला शेतकरी स्वतःच्या सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा दोन तासांसाठी येतो. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सांजोऱ्या होतात, आमरस-पुरणपोळी होते. त्या दिवसांत कोणी घर सोडून फिरायला निघालं तर गावात नावं ठेवतात. पाऊस सुरू झाला की पेरणी, श्रावणात कानबाईचा सण, मग पोळा. एकूण हिशेब मांडला तर शेतकऱ्याला खऱ्या अर्थाने मोकळे दोनच काळ. एक आखाजी ते पहिला पाऊस, आणि दुसरा कांद्याची लागवड आटोपल्यावर, साधारण संक्रांत ते महाशिवरात्र. नोकरदारांचं आणखी वेगळं. त्यांना मे नाहीतर दिवाळी. त्यात एलटीसी घ्यायची असेल तर साहेबांची सही.

म्हणजे आमच्या भागातली निम्मीअधिक सहल मेमध्ये पडते, आणि मे हा फिरण्यासाठी सगळ्यात वाईट महिना. पारा 43-44 वर असतो. मेच्या अखेरच्या आठवड्यात दुपारी सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. अशा वेळी माणसाला समुद्र आठवतो. ‘कोकणात जाऊ, जरा गार वाटेल.’ हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो आणि दर उन्हाळ्यात तेच उत्तर देतो.

गणपतीपुळ्याला मेमध्ये पारा 33-34 असतो. आकडा ऐकून साक्रीचा माणूस खूश होतो, दहा अंश कमी! पण तिथल्या हवेत पाणी भरलेलं असतं, अंगावरचा घाम वाळत नाही. आमच्याकडे 43 अंशांत माणूस झाडाखाली बसला, अंगावर ओला पंचा घेतला की बरं वाटतं, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडून जाताना गारवा देऊन जातं. कूलर याच जोरावर चालतो. वाळ्याच्या ताट्या याच जोरावर चालायच्या. तोच कूलर कोकणात नेऊन लावला तर खोलीत नुसती दमट वाफ वाढते. म्हणून कोकणात मेमध्ये जायचं तर एसी खोली घ्यावी लागते, आणि सुटीत तिचा भाडेदर दुपटीने वाढलेला असतो. आंबे-फणस खायचेत, नातेवाइकांकडे उतरायचंय, मुलांना समुद्र दाखवायचाच आहे, तर जरूर जा. पण गारव्यासाठी जाऊ नका. शिवाय मेच्या शेवटी समुद्र खवळू लागतो. सिंधुदुर्ग, जंजिरा अशा पाण्यातल्या किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्या पावसाळ्याआधी बंद होतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणजे ताजं मासळीचं ताटही सहज मिळत नाही. तोच कोकण जानेवारीत गाठा. आमच्याकडे पहाटे थंडीने हातपाय गोठतात, धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर घसरतो, आणि तिथे मात्र अंगावर एक चादर पुरते. दिवसा वाळूत बसता येतं. आमचे शेतकरी जानेवारीत मोकळे असतात, पण मुलांच्या शाळा असतात. म्हणून मी म्हातारा-म्हातारी आणि त्यांच्या वयाचे शेजारी असा गट जमवून कोकण करून आणतो. देवगड, कुणकेश्वर, मालवण, परतीला कोल्हापूरची अंबाबाई. हा माझा सगळ्यात यशस्वी बेत आहे, हे मी थोड्या फुशारकीनेच सांगतो.

मेमध्ये गारवा हवा असेल तर उंची मोजावी. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, हा नियम मी गिऱ्हाइकाला कागदावर लिहून दाखवतो. सापुतारा, पचमढी, चिखलदरा, तोरणमाळ ही सगळी हजार-अकराशे मीटरच्या आसपास. माउंट अबू त्याहून जरा वर, महाबळेश्वर 1,372. मुन्नार दीड हजारांवर, आणि उटी 2,240. आता शहाद्याला 43 अंश असताना तोरणमाळला दुपारी 36 असणार. छत्तीस म्हणजे काही स्वेटर घालायची हवा नाही. पण संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठाने वारा सुटतो, रात्री पंख्याशिवाय झोप लागते. खान्देशातल्या माणसाला मेमध्ये रात्रीची सलग झोप मिळाली तर आणखी काय पाहिजे? तोरणमाळचं दुखणं असं की तिथे फोटो काढण्याजोगे ‘पॉइंट’ कमी आणि बाजार नाही. सीताखाईची दरी, गोरखनाथाचं देऊळ, तलाव, झालं. अकरा वाजता पोचलेली गाडी तीन वाजता परत निघायची घाई करते. मी त्यांना मुक्कामाची खोली घ्यायला लावतो, नाहीतर जाऊच नका म्हणतो. घाट चढून जाण्याचं सगळं फळ रात्रीतच आहे.

आणि आता एक गोष्ट सांगतो जी कोणालाच पटत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात केरळ आमच्यापेक्षा सुसह्य असतं. ‘दक्षिणेत? अहो, तिथे तर आणखी ऊन!’ असं म्हणत लोक खुर्ची मागे सरकवतात. शाळेत शिकलेलं असतं ना, विषुववृत्ताकडे जाऊ तसं गरम. पण सूर्य वर्षभर एकाच जागी नसतो. कन्याकुमारीच्या डोक्यावर तो एप्रिलच्या पूर्वार्धातच येऊन जातो, मग उत्तरेकडे सरकत मेअखेर आमच्यावर येतो. केरळात सगळ्यात तापतं ते मार्च-एप्रिलमध्ये. मे उजाडला की तिथे दुपारनंतर वळवाच्या सरी पडू लागतात. मुन्नारला तर चहाच्या मळ्यांत पंचवीस-सव्वीस अंश. सुरतेहून कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमला गाडी मिळते, तिथून पुढे घाट. एकच अट: महिनाअखेरच्या आत परत यायचं. 1 जूनच्या आसपास मोसमी पाऊस केरळात उतरतो आणि मग पुढचे तीन महिने डोंगरातल्या रस्त्यांवर भरवसा नाही. मुन्नारला जाणारे हमखास विचारतात, ती निळी फुलं दिसतील का? नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. 2018 मध्ये फुलली, आता 2030. तोवर चहाचेच मळे बघा म्हणतो.

उन्हाळ्यात ठिकाणाइतकंच मधल्या वाटेला महत्त्व असतं, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींमध्ये वाट नसतेच. विमानतळ ते विमानतळ. केसरी 1984 पासून आहे, वीणा वर्ल्ड 2013 मध्ये आली. त्यांच्या पानभर जाहिराती आमच्याकडेही वाचल्या जातात, कापून ठेवल्या जातात. साक्रीहून निघणाऱ्याला मात्र वाटच आधी लागते. मेमध्ये माझी गाडी पहाटे चारला निघते आणि अकराच्या सुमारास थांबते. ती साडेचारपर्यंत हलत नाही. तापलेल्या डांबरावर भरलेली गाडी ताशी ऐंशीने पळवली की टायरमधली हवा फुगते, आणि झिजलेला टायर अशाच वेळी फुटतो. घाटात एसी चालू ठेवून चढलं तर इंजिन तापतं. उतरताना नुसता ब्रेक दाबत गेलं तर ब्रेक तापून धरेनासे होतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. माझ्याकडे नवा ड्रायव्हर आला की त्याला आधी चरणमाळ घाट उतरायला लावतो, गाडी रिकामी ठेवून. शेजारी मी बसतो.

मग दुपारचे पाच तास कुठे काढायचे? बेत आखताना खरी कसोटी इथे. उज्जैन-ओंकारेश्वरला जाताना शिरपूर-सेंधव्याच्या पुढे दुपार होते. विदर्भाकडे जाताना ती शेगावजवळ गाठावी. तिथल्या संस्थानाचे भक्तनिवास स्वच्छ आहेत, दर माफक आहेत आणि महाप्रसाद आहे. दक्षिणेकडे जाताना नांदेडचा गुरुद्वारा. खान्देशातल्या माणसाला देवस्थानात मुक्काम करायला आवडतं, फुकटात पडतं म्हणून नव्हे. घरच्या बायकांना तिथे निर्धास्त वाटतं, म्हाताऱ्यांना काकडआरती मिळते आणि पोरांना मोठं पटांगण. एखादं कुटुंब ‘आम्हाला देवदेव नको, नुसतं एन्जॉय करायचंय’ असं बजावून जातं, आणि परत आल्यावर सगळ्यात जास्त बोलतं ते शेगावच्या शांततेबद्दल. मला गंमत वाटते.

जेवणाबद्दल थोडक्यात. आमच्या बायांचा पहिला प्रश्न, ‘तठे भाकर भेटी का?’ तिसऱ्या दिवशी इडली-सांबार नको होतं. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदे आणि शेव पोत्याने बरोबर असते. केरळात आमच्या मंडळींनी लाल तांदळाच्या भातावर घरची शेव टाकून खाल्लेली आहे. वाटेत कोणाचं पोट बिघडत नाही तोवर मी यात पडत नाही. फक्त पाण्याचा जार, लिंबू-मीठ-साखर आणि ओआरएसची पाकिटं गाडीत माझी असतात.

दिवाळीच्या सुटीत उलटा घोटाळा होतो. आमच्याकडे पाऊस जाऊन हवा कोरडी, आभाळ निळं. त्यामुळे सगळीकडेच तसं असेल असं लोक धरून चालतात आणि रामेश्वर-कन्याकुमारी-मदुराईचा बेत आखतात. तामिळनाडूचा पावसाळा तेव्हाच सुरू होतो. आपल्याकडून परतणारा पाऊस बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन ईशान्येकडून त्या किनाऱ्यावर येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळंही याच काळात. 1964 च्या डिसेंबरात रामेश्वरच्या टोकावरचं धनुष्कोडी गाव एका वादळात गेलं, रेल्वेगाडीसकट. आज लोक तिथले अवशेष बघायला जातात. 2015 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली होती. हे सांगितलं की एखादे आबा म्हणतात, ‘रामेश्वरला जायचं तर पाऊस काय नि ऊन काय, देव बोलावतो तेव्हा जायचं.’ मी म्हणतो, आबा, देव फेब्रुवारीतही बोलावतो. कापूस विकून झालेला असतो, कांदा अजून जमिनीत असतो, तिकडचं आभाळ मोकळं असतं. आता तर एप्रिल 2025 मध्ये नवा पांबन पूल सुरू झाला, रेल्वे पुन्हा थेट रामेश्वरपर्यंत जाते. बहुतेक वेळा आबा ऐकतात. न ऐकणाऱ्यांना मी छत्र्या आणि जादा दिवसाचा खर्च धरून हिशेब देतो.

दोन किनाऱ्यांचे दोन पावसाळे ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की परदेशाचेही बेत आखता येतात. आजकाल पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी मुलं आई-वडिलांना थायलंड, श्रीलंका, बाली दाखवायचं म्हणतात. वडील माझ्याकडे येतात, कारण मुलाने पाठवलेल्या कागदावर त्यांचा विश्वास नसतो. श्रीलंकेत नैर्ऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर पाऊस असतो, तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा असतो. डिसेंबरात गोष्ट उलटी होते. थायलंडमध्ये फुकेतला मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, आणि पलीकडच्या आखातातल्या को सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे दिवाळीत जाणाऱ्याने सामुई टाळावं, नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरून फुकेतला जावं. बालीत आपला उन्हाळा-पावसाळा म्हणजे त्यांचा कोरडा काळ, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे धो-धो. मी यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नाही. वारा कुठून येतो आणि डोंगर कुठे आहे एवढं बघितलं की किनाऱ्याचा अंदाज येतो. साक्रीत राहणाऱ्याला हे वेगळं शिकावं लागत नाही. सह्याद्रीच्या पलीकडे डांगात धुवाधार, आमच्या तालुक्याच्या पश्चिम टोकाला बऱ्यापैकी, आणि पूर्वेला निजामपूर-दुसाण्याकडे जाईपर्यंत ढग कोरडे झालेले. एकाच तालुक्यात, एका तासाच्या अंतरात.

याच पश्चिम टोकाला, आमळीजवळ, अलालदरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला धबधबा भरात असतो आणि रविवारी धुळे, नंदुरबार, मालेगाव, सुरत इथून गाड्यांची रांग लागते. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथे गुराखी आणि कन्हैयालाल महाराजांच्या देवळात येणारे भाविक सोडून फारसं कोणी फिरकत नव्हतं. मोबाईलने ते बदललं. मी गिऱ्हाइकाला मंगळवार-बुधवार सुचवतो आणि दरीच्या कडेला जायचं नाही हे आधी कबूल करून घेतो. शेवाळलेल्या खडकावर चपलेने उभं राहून सेल्फी काढणाऱ्या पोरांना बघून माझ्या पोटात गोळा येतो. पावसाळ्यात घाटातला रात्रीचा प्रवास आणि डोंगराच्या पायथ्याची स्वस्त खोली या दोन्ही गोष्टी मी बंद केल्या आहेत. 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी, 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाड, तिन्हीकडे दरडी कोसळल्या. तारखा बघा, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. तोवर जमीन पाणी पिऊन पिऊन जड झालेली असते. नेमक्या त्याच पंधरवड्यात माझ्याकडे ‘पावसाळी सहली’च्या सर्वाधिक चौकशा येतात. सप्टेंबर उतरताना जा म्हटलं तर लोकांना उशीर वाटतो. वास्तविक तेव्हाच सगळं उत्तम असतं. डोंगर हिरवे, झरे वाहते, पाऊस उघडीप देणारा, कासच्या पठारावर फुलं, आणि हॉटेलं निम्म्या दरात. पण शाळा असते, सोयाबीन काढायचं असतं. मी एकट्याने किती ओढणार?

एसटीने माझ्या धंद्याचं चित्र थोडं बदललं, तेही सांगायला हवं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. शेगाव, वणी, पंढरपूर, शिर्डी या जवळच्या फेऱ्या माझ्याकडून गेल्या. बायकाच चौघी-पाचजणी मिळून परस्पर जाऊन येऊ लागल्या. माझं नुकसान झालं हे खरं. पण ज्या माउलीने साठ वर्षांत माहेर-सासर सोडून गाव पाहिलं नव्हतं, ती आता स्वतः येऊन विचारते, ‘आते कथा जावो भाऊ?’ शेगाव झालं, पंढरी झाली. आता तिला समुद्र बघायचाय. अशा बायकांचा एक गट गेल्या माघात दिवेआगर-हरिहरेश्वरला नेला. नवरे कोणी नव्हते. पाण्यात उतरायच्या आधी त्यांनी समुद्राला हळदी-कुंकू वाहिलं, आणि मग दोन तास कोणी बाहेर येईना. या गटांचं एक बरं असतं, त्या पॉइंट मोजत नाहीत.

पॉइंट मोजणं हा पुरुषांचा आजार. ‘एका दिवसात किती होतील?’ मी यादीतले निम्मे खोडतो. तीन दिवसांच्या सहलीत रोज हॉटेल बदललं तर अर्धा वेळ बॅगा भरण्यात जातो, आणि उष्ण हवेत दुपारचे तीन तास झोप किंवा सावली लागतेच. एका जागी दोन रात्री, हा माझा आग्रह. त्यावरून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जाऊ देत.

मेच्या सुटीत आणखी एक उलटी वाहतूक असते. सुरतेत लिंबायत, उधना भागात लाखो खान्देशी माणसं आहेत. ती आखाजीला साक्रीकडे येतात. त्यांची तिथेच जन्मलेली पोरं मामाच्या गावाला येतात आणि दोन दिवसांत कंटाळतात. मामा माझ्याकडे येतो, ‘काहीतरी दाखव बाबा यांना.’ त्यांच्यासाठी साक्री हेच सहलीचं ठिकाण. मग मी पहाटे पाचला भामेरला नेतो. गावात शिरतानाचा भव्य दगडी दरवाजा, डोंगरात कोरलेल्या गुहा, साडेआठपर्यंत खाली. तिथून बळसाणे, तिथली जुनी कोरीव देवळं आणि विमलनाथांचं जैन तीर्थ. दुपारी घरी आमरस. संध्याकाळी छडवेल-ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या, कारण पोरांना त्याच सगळ्यात आवडतात. एकदा नवापूरला गाडी सोडायला गेलो होतो, तेव्हा त्यांना स्टेशनवरचं ते बाकडं दाखवलं, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. एक पोरगा अर्धा तास तिथून उठायला तयार नव्हता. एक पाय या राज्यात, एक त्या राज्यात.

साल्हेरची मागणी मात्र नवी आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने शिवकाळातले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आमच्या शेजारचा साल्हेर आहे. 1,567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. 1672 मध्ये तिथे मराठ्यांनी मोगलांना मैदानात हरवलं. पिंपळनेर-ताहाराबाद-मुल्हेरमार्गे आमच्याकडून अर्ध्या दिवसाची वाट. आतापर्यंत पुण्या-नाशिकचे ट्रेकर यायचे, आता साक्रीतले शिक्षक शाळेची मुलं घेऊन जायचं म्हणतात. मी विचारतो, कधी? मार्चमध्ये, परीक्षेआधी. मी म्हणतो, नोव्हेंबर ते जानेवारी. मार्चमध्ये कातळ तापतो आणि वर सावली नाही. शाळेला तारखा जमत नाहीत. मग मांगी-तुंगीला ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती आणि जवळच मुल्हेरच्या पायथ्याची सैर, असा मधला मार्ग काढतो. चढण मुलांच्या पायांना हवीच असेल तर सकाळी सहाला मुल्हेरच्या पहिल्या दरवाजापर्यंत, त्याच्या वर नाही.

यंदाही फेब्रुवारीतच मेचे फोन सुरू झाले आहेत. कालच एक कुटुंब आलं होतं. सहा माणसं, तीन दिवस, आजीचे गुडघे दुखणारे, धाकट्याला घाटात उलटी होते, सुनेला महाबळेश्वर हवं, मुलाला गोवा आणि आजीला कुठेच जायचं नव्हतं. आम्ही तारीख ठरवली, मेचा दुसरा आठवडा. मग ठिकाण. महाबळेश्वरला आमच्याकडून सात-आठ तासांच्या वर बसावं लागतं, आजीला ते नको. गोवा दूर आणि दमट. सापुताऱ्याचं नाव काढलं तर सुनेचं तोंड वाकडं, ‘तिथे तर सगळेच जातात.’ शेवटी सापुताराच ठरलं, पण सोमवार ते बुधवार, कारण शनिवार-रविवारी सुरत-नाशिकची सगळी गर्दी तिथेच लोटते. दोन रात्री एकाच हॉटेलात, तळमजल्याची खोली. पहाटे साडेचारला निघायचं, धाकटा पुढच्या सीटवर, उपाशीपोटी. जाताना वणीला सप्तशृंगी गडावर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, म्हणजे आजीला पायऱ्या चढाव्या न लागता देवीचं दर्शन होईल. हे ऐकल्यावर आजी म्हणाली, मग मी येते. ॲडव्हान्स आजीनेच दिला, कमरेच्या पिशवीतून काढून.